स्प्रिंगची साइड व्हील: सातवीतल्या मुलीचं मॉडेल, अडतंय कुठे?

चौकोनी_चाक

विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीतल्या एका मुलीने ही रचना केली आहे. कल्पना तिची, मोजमापंही तिचीच.

लहान मुलांच्या सायकलची साइड व्हील कडक पट्टीवर बसवलेली असतात. मूल त्यांच्यावर रेलून चालवतं आणि चाकं काढली की पहिल्या दिवसासारखंच पडतं. तिचं म्हणणं असं: पट्टीऐवजी स्प्रिंगवर वरखाली होणारा आर्म ठेवला तर सायकल थोडी कलेल, तोल जातोय हे मुलाला कळेल आणि पडायच्या आत चाक सावरून घेईल.

सायकल १६ इंची, वजन ९ किलो. चालवणारी मुलं २० ते २४ किलोची. मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी २५×५ मिमीची लोखंडी पट्टी, ॲक्सलपासून १२ सेंमी खाली लोंबणारी. तिच्या टोकाला बिजागरी, तिथून १८ सेंमीचा आर्म मागे जवळजवळ आडवा जातो. आर्मच्या टोकाला १२ सेंमी व्यासाचं प्लास्टिकचं चाक, सायकलच्या मध्यापासून २२ सेंमी बाहेर. स्प्रिंग स्कूटरच्या स्टँडची, बिजागरीपासून ९ सेंमीवर अडकवलेली. सायकल सरळ उभी असताना दोन्ही चाकं जमिनीला जेमतेम टेकतात.

अडचणी अशा. मूल अजूनही एका बाजूला रेलूनच चालवतं. वळताना सायकल आत कलण्याऐवजी बाहेरच्या चाकावर जाते. आणि दहा-पंधरा मिनिटांत एक पट्टी ॲक्सलभोवती फिरून आर्म वर जातो. स्प्रिंग बदलावी की कल्पनाच चुकली आहे?

---

लेथवाला

कल्पना चुकलेली नाही, स्प्रिंग चुकली आहे. आधी तिचा जोर मोजा. सामान तोलायचा हुकवाला काटा घ्या, स्प्रिंग दारच्या कडीला अडकवा आणि ओढत जा. किती किलोला किती मिलिमीटर उघडते ते इथे लिहा.

पट्टी फिरते ते वेगळं दुखणं. बाजारातल्या साइड व्हीलसोबत एक जिभेची चकती येते. तिची जीभ चिमट्याच्या (फ्रेमचा मागचा भाग, ज्यात ॲक्सल बसतो) खाचेत बसते, म्हणून पट्टी फिरत नाही. तुमच्याकडे ती नसणार. नट कितीही आवळला तरी एकट्या ॲक्सलवर पट्टी टिकत नाही, कारण भार १८ सेंमी मागे आहे. जिभेची चकती लावा किंवा पट्टीच्या वरच्या टोकाला अजून एक भोक पाडून चिमट्याच्या खालच्या नळीला यू-क्लँपने बांधा. दुसरा उपाय जास्त भरवशाचा.

आणखी एक बघा. ५ मिमीची पट्टी घातल्यावर नटाबाहेर ॲक्सलचे आटे उरतात का? नट पूर्ण भरत नसेल तर लांब ॲक्सल टाका. अर्ध्या आट्यांवर मूल बसवू नका.

---

चौकोनी_चाक

मोजलं. ६ किलोपर्यंत स्प्रिंग हललीच नाही. त्यानंतर १६ किलोला साधारण ६ मिमी उघडली.

---

न्यूटनचा_पेरू

मग सगळं उत्तर या दोन आकड्यांतच आहे. हिशेब मांडतो, मुलीला वहीत लिहायला सांगा. परीक्षक नेमकं हेच विचारतात.

सायकल ९ आणि मूल २२, म्हणजे ३१ किलो. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून अंदाजे ५८ सेंमीवर धरू. सायकल १ अंश कलली की तिला पाडणारा जो जोर तयार होतो, तो २२ सेंमीवरच्या चाकाने पेलायचा म्हटला तर चाकावर साधारण १.४ किलो भार येतो. त्याच १ अंशात चाक ३.८ मिमी वर दाबलं जातं. म्हणजे सेंटिमीटरला ३.७ किलो. हा आकडा लक्ष्मणरेषा समजा.

चाकापाशी स्प्रिंग याहून कडक असेल तर ती सायकलला स्वतःच सरळ करते. मूल रेलून बसू शकतं आणि बसतंच. याहून मऊ असेल तर सायकल पडते, पण सावकाश पडते. शिकायला हवं ते हे.

आता तुमची स्प्रिंग. ६ किलोनंतरच्या १० किलोला ६ मिमी, म्हणजे सेंटिमीटरला जवळपास १६.७ किलो. ती बिजागरीपासून ९ वर आणि चाक १८ वर, म्हणजे तरफ १:२. चाकापाशी कडकपणा मात्र निम्मा होत नाही, चौथाई होतो, कारण जोरही निम्मा मिळतो आणि हालचालही निम्मी होते. म्हणजे ४.२. रेषेच्या वर. शिवाय स्टँडची स्प्रिंग ओढीची असते, तिचे वेढे मुळात एकमेकांवर दाबून गुंडाळलेले. त्यामुळे पहिल्या ६ किलोला ती हलत नाही. चाकापाशी हे ३ किलो झाले, म्हणजे पहिले दोन अंश सायकल कडक साइड व्हीलवरच आहे. मुलाला तोल जाणं जिथे जाणवायला हवं, नेमका तोच भाग स्प्रिंगने खाऊन टाकला.

---

अर्धा_पायडल

हे सगळं ठीक, पण एवढा खटाटोप कशाला? पायडल काढून टाका की. १५ नंबरचा पाना, पाच मिनिटांचं काम. उजवं पायडल घड्याळाच्या उलट्या दिशेने सुटतं, डावं घड्याळाच्या दिशेने, कारण डाव्याला उलटे आटे असतात. डावं पायडल नेहमीसारखं सोडवायला जाऊन अनेक क्रँकचे आटे गेले आहेत.

सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पूर्ण टेकून गुडघ्यात थोडा वाक राहील. मूल आधी चालतं, मग पळतं, मग पाय उचलून घरंगळतं. जागा सपाट किंवा अगदी सौम्य उताराची, ४० मीटरला १ मीटर उतार पुष्कळ झाला. न टेकता दहा सेकंद घरंगळता आलं आणि त्यात एक डावं, एक उजवं वळण घेता आलं की पायडल परत लावा. सायकलचा जन्मच असा झाला आहे. १८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइममध्ये कार्ल ड्राइसने जे दुचाकी यंत्र चालवलं त्याला पायडल नव्हतंच, पायांनी जमीन मागे ढकलत जायचं. पायडल आलं १८६०च्या दशकात.

---

छर्रे

पायडल काढणं उत्तम, पण ते कुठे चालतं हेही सांगा. बसून दोन्ही पाय टेकत असतील तर. आपल्याकडे सायकल ‘वाढत्या मापाची’ घेतात. सहा वर्षांच्या मुलाला २० इंची घेतली तर सीट पार खाली करूनही टाच टेकत नाही. घरात मोठ्यांची दांड्याची सायकल असेल तर पोरगं नळीखालून पाय घालून कैचीच मारणार, तिथे घरंगळण्याचा प्रश्नच नाही.

राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. त्यातल्या ज्या मुलींनी आधी कधी सायकल चालवलेली नसते, त्या तेराव्या वर्षी पूर्ण मापाच्या लेडीज सायकलवर शिकतात. लेडीज फ्रेमवर सीट खाली केली की पाय टेकतात, म्हणून तिथे पायडल काढणं चालेल. बाकी ठिकाणी या मुलीच्या रचनेला जागा आहे.

आणि कोणतीही रचना लावण्याआधी हँडलचे छर्रे तपासा. पुढचं चाक उचला, सायकल एका बाजूला थोडी कलवा. हँडल आपोआप त्या बाजूला वळून पडलं पाहिजे. अडखळत असेल तर वरचा कप जास्त आवळला आहे किंवा ग्रीस वाळलं आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळतं, म्हणून ती उभी राहते. हँडल जाम असेल तर मोठ्या माणसालाही हात सोडून चालवता येत नाही, मग नवशिक्या पोराची काय कथा. दुकानातून नवी आणलेली लहान सायकल बऱ्याचदा इथेच आवळलेली असते.

---

न्यूटनचा_पेरू

+१. साइड व्हील का नडतात ते छर्रे यांच्या शेवटच्या मुद्द्यात आहे. कलण्याच्या बाजूला हँडल वळवणं हाच तोल. कडक साइड व्हीलवर सायकल कलतच नाही, म्हणून ती तीनचाकीसारखी वळते: हँडल डावीकडे, अंग उजवीकडे. चाकं काढल्यावर हीच सवय मुलाला पाडते. म्हणजे साइड व्हील नुसती निरुपयोगी नाहीत, ती उलटं शिकवतात.

---

लेथवाला

आता बांधणी. ओढीची स्प्रिंग काढून दाबाची घाला.

तार ४ मिमी, वेढ्याचा मध्यव्यास २५ मिमी, काम करणारे वेढे ८ आणि दोन्ही टोकांना एकेक बंद वेढा, मोकळी लांबी ६० मिमी. स्प्रिंगवाल्याला एवढं सांगितलं की पुरे. तिचा जोर मिलिमीटरला २ किलोच्या आसपास येतो. पूर्ण दाबल्यावर ४० मिमी होते, म्हणजे २० मिमी हालचाल मिळते. आपल्याला १३ लागणार.

बिजागरीच्या वर पट्टीला मागे जाणारा एक कान वेल्ड करा. कान आणि आर्म यांच्यामध्ये स्प्रिंग उभी. तिच्या आतून ८ मिमीचा लांब बोल्ट, आर्मखाली त्याला डबल नट. हा बोल्ट स्प्रिंगला वाकू देत नाही, शिवाय खालच्या नटाने चाक जमिनीपासून किती वर ठेवायचं ते ठरवता येतं. आर्म गोलाईत फिरतो म्हणून आर्ममधलं भोक लांबट ठेवा, नाहीतर बोल्ट अडकेल.

आर्म पट्टीचा नको, २०×२०×२ मिमीची चौकोनी नळी घ्या. चाक हबपासून जवळपास १६ सेंमी बाहेर आहे, तो भार आर्मला पिळतो. पट्टी दोन दिवसांत पिळून चाक आत झुकतं. बिजागरीलाही नुसतं भोक नको. ४० मिमी लांबीची नळी, आत पितळी किंवा नायलॉनचा बुश, १२ मिमीचा बोल्ट. बुश नसेल तर भोक लंबगोल होतं आणि चाक डुलायला लागतं.

---

न्यूटनचा_पेरू

स्प्रिंगसाठी एक भोक पाडू नका, तीन पाडा. बिजागरीपासून ६, ५ आणि ४ सेंमीवर. तरफेचा वर्ग लागू होतो, म्हणून सेंटिमीटरभर सरकवल्यानेही मोठा फरक पडतो. लेथवाला यांच्या स्प्रिंगला चाकापाशी ६ च्या भोकात सेंटिमीटरला २.३ किलो, ५ मध्ये १.६, ४ मध्ये १. म्हणजे लक्ष्मणरेषेच्या अनुक्रमे सुमारे ६२, ४३ आणि २७ टक्के.

६२ टक्क्यांना सायकल पडायला साधारण १.६ पट वेळ घेते. तळहातावर पेन्सिल उभी धरून बघा आणि मग झाडूचा दांडा. दांडा सोपा जातो कारण तो सावकाश पडतो. स्प्रिंग हेच करते.

पण ६२ वर थांबू नका. ताशी ७ किमी वेगाने ५ मीटर त्रिज्येचं वळण घ्यायला साध्या सायकलला ४.४ अंश आत कलावं लागतं. स्प्रिंग तिला बाहेर ढकलते, म्हणून ६२ टक्क्यांना तेच वळण घ्यायला ११-१२ अंश कलावं लागेल. तेवढं मूल कलत नाही. ४३ ला पावणेआठ, २७ ला सहा. म्हणजे ६ चं भोक फक्त सरळ रेषेत चालवण्यापुरतं, पहिले दोन-तीन दिवस. वळणं सुरू झाली की ५, मग ४. तुमची मूळ स्प्रिंग रेषेच्या वर असल्यामुळे सायकलला आत कलणं शक्यच नव्हतं, म्हणून ती बाहेरच्या चाकावर जात होती.

---

चौकोनी_चाक

हा हिशेब २२ किलोच्या मुलाचा. ३५ किलोच्या मुलाला?

---

न्यूटनचा_पेरू

रेषा वजन गुणिले उंची या प्रमाणात वर सरकते. २० इंची सायकल १२ किलो आणि मूल ३५, गुरुत्वमध्य ७० सेंमी धरला तर रेषा पावणेसातच्या आसपास जाते. तीच स्प्रिंग ६ च्या भोकातही ३४ टक्केच देईल. बाहेरच्या बाजूला ७, ८ सेंमीची भोकंही पाडून ठेवा. ८ वर तिचा चाकापाशी जोर ४ किलोच्या पुढे जातो, म्हणजे परत ६० टक्के. स्प्रिंग बदलायची गरज नाही. खरं तर या मॉडेलमधली दाखवण्यासारखी गोष्ट ही भोकंच आहेत.

---

पाना_१५

सुरक्षिततेचं कुणी बोललं नाही अजून.

एक. आर्मला कडक अटकाव हवाच, १० अंशांना. त्या वेळी चाक ३८ मिमी वर आलेलं असतं. बिजागरीपासून ९ सेंमीवर रबराचा ठोकळा, १९ मिमी फट ठेवून. स्प्रिंग पूर्ण दाबली जाऊन थांबेल या भरवशावर राहू नका.

दोन. अटकावावर रेललेल्या अवस्थेत त्या बाजूच्या चाकावर १४ किलोपर्यंत भार जातो. मागच्या चाकावर मुळात १८-१९ किलो असतात. उरले चार-पाच. म्हणजे मागचा ब्रेक जवळजवळ गेला. बाजारातल्या साइड व्हीलचंही हेच होतं: खड्ड्यात दोन्ही साइड व्हील काठांवर आणि मागचं चाक अधांतरी, पायडल मारलं तरी सायकल जागची हलत नाही. तेव्हा पुढचा ब्रेक नीट लागतो ना ते आधी बघा. मुलाच्या हातात लिव्हर मावते का तेही. लिव्हरमागे एक लहान स्क्रू असतो, तो आत फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते.

तीन. उघड्या स्प्रिंगमध्ये बोट सापडतं. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून वरून चढवा, दोन्ही टोकांना तार. बोल्टांच्या टोकांना टोपीचे नट.

चार. टीव्हीच्या ट्रॉलीची गरगर फिरणारी चाकं लावायचा मोह होतो. नको. वेगात ती थरथरतात. आणि १२ सेंमीपेक्षा लहान चाक पेव्हर ब्लॉकच्या फटीत ठेचकाळतं.

---

अर्धा_पायडल

जायरोस्कोपचं, म्हणजे वेगाने फिरून आपली दिशा टिकवणाऱ्या तबकडीचं काय? पुढच्या चाकात फिरती तबकडी बसवलेली सायकल निघाली होती ना?

---

न्यूटनचा_पेरू

निघाली होती. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून सुरुवात केली होती. पुढच्या चाकाच्या आत बॅटरीवर फिरणारी जड तबकडी, तेच चाक बाजारातही आलं. ती तबकडी सायकलला धरून ठेवते असं लोकांना वाटतं. तसं नाही. चाक कललं की ती त्याला कलण्याच्या दिशेने वळवते, म्हणजे छर्रे म्हणतात तेच काम जोरात करते. आणि जायरोस्कोपशिवायही सायकल स्वतःहून उभी राहू शकते हे नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठांच्या संशोधकांनी २०११ मध्ये करून दाखवलं आहे, चाकांचा जायरोस्कोपिक परिणाम उलट्या चाकांनी रद्द केलेली सायकल बनवून.

शाळेच्या मॉडेलसाठी नको. मोटर, बॅटरी, वेगाने फिरणारं जड वजन, त्याला झाकण. स्प्रिंगमध्ये जे दिसतं ते मुलीला स्वतः मोजता येतं.

---

छर्रे

प्रयोगाची मांडणी: खडूने ३० सेंमी रुंद आणि १५ मीटर लांब पट्टा आखा. त्यातून जाताना मूल किती वेळा रेषा ओलांडतं, किती वेळा पाय टेकतं, एवढंच मोजा. ‘आवडलं का’ वगैरे प्रश्नांना अर्थ नाही. एका गटाला कडक साइड व्हील, एकाला स्प्रिंगची, एकाला पायडल काढलेली. प्रत्येक गटात निदान आठ मुलं, सगळ्यांना सारखीच मिनिटं. शेवटी तिन्ही गटांना तीच साधी सायकल द्या आणि परत मोजा. खरी परीक्षा ही शेवटची. साइड व्हीलवर कोण किती छान चालवतं याला महत्त्व नाही.

टायरची हवा तिन्ही सायकलींत सारखी. मऊ टायरवर हँडल जड होतं आणि आकडे बिघडतात. आणि पायडल काढलेल्या गटाची कामगिरी चांगली आली तर ती लपवू नका, तक्त्यात तशीच टाका.

---

पाना_१५

इन्स्पायर मानकला (शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीची केंद्र सरकारची योजना) पाठवणार असाल तर तिथे निवड झाल्यावर मॉडेलसाठी १०,००० रुपये मुलाच्या खात्यात येतात. या सगळ्या लोखंडाला त्याच्या चौथाईही लागू नये.

पेटंटचा विचार असेल तर आधी जुनी पेटंटं शोधा. स्प्रिंगवरची साइड व्हील अमेरिकेत अनेकांनी नोंदवली आहेत, तेव्हा नुसत्या स्प्रिंगवर काही मिळणार नाही. ओळखीचे भाग शेजारी-शेजारी मांडले एवढ्यावर भारतीय कायदाही पेटंट देत नाही. भोकांची मांडणी आणि वजनाप्रमाणे भोक निवडायची पद्धत यात नवं काही निघतं का ते बघा. निघत असेल तर प्रदर्शनाआधी तात्पुरता अर्ज करा. वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन १,६०० रुपये लागतात, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. आधी प्रदर्शनात मांडलं आणि मग अर्ज केला तर नवेपणावरच बोट ठेवलं जातं.

---

चौकोनी_चाक

सर्वांचे आभार. यादी अशी झाली: यू-क्लँप ४, चौकोनी नळी ४० सेंमी, दाबाच्या स्प्रिंग २, पितळी बुश २, १२ मिमी बोल्ट २, ८ मिमी लांब बोल्ट २ आणि डबल नट, रबराचे ठोकळे २, लांब ॲक्सल १. भोकं ४ ते ८ सेंमी, एकेक सेंमीवर. काही राहिलं का?

---

लेथवाला

८ च्या भोकाला कानही तेवढाच मागे हवा, नाहीतर स्प्रिंग तिरकी बसेल. कानालाही आर्मसारखीच पाच भोकं, एकाखाली एक नेमकी येतील अशी. दोन्ही एकत्र शिकंज्यात धरून एकाच वेळी ड्रिल करा. आणि ९ सेंमीवरचा रबराचा ठोकळा तेव्हा स्प्रिंगच्या आड येईल, तो ११ वर न्या आणि फट २३ मिमी करा.